बिनतारखेचा अर्ज

बीड, ४ अमरदाद १३४० फसली

आक्का,

तुमच्या गावच्या बंकटच्या गाडीतून तिळाची पिशवी आली, तिच्यासोबत रामहरीनं लिहिलेलं तुझं पत्रही आलं. तुझा धाकटा मिडलची परीक्षा पास झाला हे मला चार दिवस आधीच कळलं होतं. मी त्याच शाळेत वरच्या वर्गांना शिकवतो. निकालाचा कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला. तुला पालीला निरोप धाडता आला असता. धाडला नाही.

पत्रात तू हायस्कुलाच्या पहिल्या वर्षाचा फॉर्म घातला आहेस. विषयांचे रकाने कोरे, खाली तुझा अंगठा, कोपऱ्याला हळदकुंकू. तुझं बोलणं रामहरीनं जसंच्या तसं उतरवलं आहे: ‘ह्या वक्ताला म्या देवीला इचारणार न्हाई. गहिनीच्या वक्ताला तिचा सबूद खोटा निघाला. आता अर्जुन लिवील तेच खरं.’

हे वाचून मी फॉर्म खणात ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. शेवटी न भरताच परत पाठवतो आहे. हेडमास्तरांचं म्हणणं असं की विषय घरच्यांनी ठरवावेत, शाळेतल्या मास्तरांनी भरू नयेत.

दोन वाटा आहेत, त्या सांगतो. एक फारसीची. तो वर्ग इथं बीडला आहे. पुढे कचेरीत नोकरी लागते, आणि मुलगा दर शुक्रवारी सुट्टीला घरी येऊ शकतो. दुसरी सायन्सची. त्याला लागणारी प्रयोगशाळा आपल्याकडे अजून नाही, म्हणून ज्यांच्या फॉर्मात सायन्स असेल त्यांची नावं औरंगाबादच्या यादीत जातात आणि त्यांना तिथं बोर्डिंगात राहावं लागतं. तेरा वर्षांपूर्वी हेच होतं, आजही हेच आहे. फॉर्म पंचवीस तारखेपर्यंत यायला हवा. तो सगळा उर्दूत आहे, पण रामहरीचं उर्दू माझ्यापेक्षा चांगलं आहे. तो भरील.

केशरनं तिळाचे लाडू केले. मी खाल्ले नाहीत हे तिनं पाहिलं.

तुझा
अर्जुन


बीड, ९ अमरदाद

चि. रामहरी,

आईच्या पत्राच्या पाठीमागे तू बारीक अक्षरात उर्दूतून लिहिलेल्या ओळी मी पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या. उत्तर द्यायला पाच दिवस लावले. तू लिहितोस, तुला सायन्स घ्यायचं आहे, आई औरंगाबादला नको म्हणेल, पण मामानं लिहिलं तर ती एक शब्द बोलणार नाही.

पालीत ती लिपी तुझ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही, म्हणून तू तिच्यात लिहिलंस. मला त्याची भीती वाटली. का, ते आज सांगू शकत नाही.

माझा सल्ला आहे, फारसी घे. औरंगाबादचं पाणी बाधतं असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही, औरंगाबादचं पाणी चांगलं आहे. आईला शेतीत मदत लागते असं लिहिणार होतो. तेही अर्धंच खरं आहे. तुझे वडील तू पाळण्यात असताना गेले आणि तेव्हापासून ती शेत एकटीच बघते. तेव्हा कारण न देता सांगतो, फारसी घे.

तू तीन वर्षं आमच्या शाळेत होतास आणि राहिलास बंकटच्या सासुरवाडीत. मामाचं घर गावात असताना. आईनं एकदा विचारलं तेव्हा जागा अपुरी आहे म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरी एक खोली रिकामी आहे. तुझा भाऊ गहिनीनाथ मिडलची तीन वर्षं त्या खोलीत राहायचा. केशरमामी ती रोज झाडते.

आवारात तू समोर आलास की मी दुसरीकडे बघतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू डावा पाय जरा बाहेर टाकून चालतोस. तोही तसाच चालायचा. मागच्या वर्षी तू माझ्या वर्गाच्या दारावरून गेलास आणि हजेरी घेताना माझ्या तोंडून ‘गहिनीनाथ’ असं नाव गेलं. त्या नावाचं वर्गात कुणी नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘हाजिर’ म्हणून ओरडलं. पोरं हसली. मी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. ती खूण कुणाच्या नावापुढे पडली ते मला अजून सापडलेलं नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मामा


बीड, १४ अमरदाद

आक्का,

काल बंकट शाळेत आला. मास्तरांच्या खोलीच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मास्तर, तुमची बहीण म्हणती, हेडमास्तर माझा कोण लागतो? माझा भाऊ हाय तिथं. कावून लिवत न्हाई ते त्येलाच इचार.’ मी म्हटलं, नियम आहे. तर म्हणाला, ‘हेडमास्तरला म्या आत्ताच इचारून आलो. त्ये म्हणले, आमी असं कवा म्हणलो?’ आणि फॉर्म माझ्यापुढे ठेवला. जुन्या कुंकवावर नवीन कुंकू होतं.

बाकीचे मास्तर खाली मान घालून वह्या तपासत होते.

तेव्हा आता लिहितो. रामहरी, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस, बदलू नकोस. मागच्या पत्रात मी तुला आईपासून लपवायला सांगितलं. ते चुकलं, तेही तिला वाचून दाखव. मी नवीन काही करत नव्हतो, जुनंच पुन्हा करत होतो.

आक्का, १३२७ सालच्या अमरदाद महिन्यातली, तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गहिनी मिडल पास झाला. मी एकतीस वर्षांचा होतो. पुण्याला बी. ए. होऊन आलेला, आपल्या पंचक्रोशीतला पहिला. गहिनीनं सायन्स शिकावं असं मला वाटत होतं. तुला तो जवळ हवा होता. तू म्हणालीस, देवीला कौल लावू. मी हसलो, पण आलो.

लक्ष्मीआईच्या कपाळावर गुरवानं दोन्ही बाजूंना गव्हाचे ओले दाणे लावले. उजवा आधी पडला तर फारसी आणि बीड. डावा पडला तर सायन्स आणि औरंगाबाद. तू कडेवर रामहरीला घेऊन उभी होतीस. फार वेळ काहीच झालं नाही. मग उजवा दाणा पडला. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मला दिसलं. रामहरीचे वडील गेल्यापासून तुला तसं पाहिलं नव्हतं.

तुझ्या ओट्यावर बसून मी फॉर्म भरला. विषयाच्या रकान्यात सायन्स लिहिलं. शाळेच्या रकान्यात औरंगाबाद लिहिलं.

उर्दूत लिहिलं. तू माझ्या हाताकडे बघत होतीस. मी तुझं बोट धरून अंगठा उठवला. फॉर्मला हळदकुंकू लावून तू म्हणालीस, ‘गहिनी, मामानं काय लिवलंय वाच बरं.’

हे मी विसरलो होतो. म्हणजे त्या घटकेला विसरलो होतो, की घरात उर्दू वाचणारा एक जण आहे.

त्यानं कागद हातात घेतला. वाचला. कागदावरून माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे बघत म्हणाला, ‘फारसी. बीड.’ तू त्याच्या तोंडावरून हात फिरवलास.

रोजनिशीत त्या दिवशी मी लिहिलं आहे: हवा कोंदट, पालीस जाऊन आलो, काम झाले.

महिन्यानं औरंगाबादची यादी आली, तिच्यात त्याचं नाव होतं. तू धावत बीडला आलीस. ‘देवीनं तर इथंच म्हणलं हुतं,’ म्हणालीस. मी म्हणालो, सरकारचा हुकूम आहे. सरकारचा हुकूम नव्हता आक्का. माझं अक्षर होतं.

शहागडपर्यंत मी त्याला पोचवायला गेलो. गोदावरीला पाणी होतं, नावेची वाट बघत आम्ही काठावर बसलो होतो. तो म्हणाला, ‘मामा, आईला म्या खोटं वाचून दावलं. तुमी तिला सांगणार न्हाई ना?’ त्याला वाटत होतं, गुन्हा त्याचा आहे. मी म्हणालो, नाही सांगणार. नाव आली, तो चढला. मी त्याचा गुन्हा माझ्या अंगावर घेतला नाही. तो त्याच्याच अंगावर ठेवून नदीपार पाठवला.

पुढचं तुला वाटतं तसं घडलेलं नाही. तू मला अर्ज लिहायला लावलास: मी विधवा बाई आहे, हा माझा थोरला, त्याला बीडला परत पाठवावं. जिल्ह्याच्या साहेबांच्या, तालुकदारांच्या कचेरीत मी तो दिला आणि सरकारनं ऐकलं नाही, असं तू गावभर सांगतेस. माझ्या भावानं लई धडपड केली म्हणतेस. दर वर्षी तीळ पाठवतेस.

मी तो अर्ज दिला नाही. तो माझ्या रोजनिशीत आहे.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं, पोरगा थोड्या दिवसांत रुळेल. हे कारण मी कितीतरी वर्षं वापरलं. खरं कारण असं आहे, की अर्ज गेला असता तर साहेबानं मूळ फॉर्म मागवला असता. त्यावर सायन्स, औरंगाबाद, तुझा अंगठा आणि माझं अक्षर होतं. मी स्वतःला वाचवलं.

तिथून त्याची तीन पत्रं आली. तिसऱ्यात त्यानं विचारलं होतं, मामा, आईचा अर्ज गेला का? मी त्याला लिहिलं, अर्ज गेला आहे, सरकारचं उत्तर यायला वेळ लागतो.

दसरा झाला आणि तिकडे मानमोडीच्या तापाची साथ आली. बोर्डिंगातली अकरा मुलं गेली. मानमोडी पालीतही आली होती, बीडमध्येही आली होती. तो इथं असता तरी गेला असता, असं मी म्हणू शकतो. तेरा वर्षं रोज म्हणतो. पण इथं असता तर तुझ्या मांडीवर गेला असता.

देवीचा शब्द खोटा नव्हता. तिनं इथंच ठेवायला सांगितलं होतं. खोटं मी लिहिलं. आणि तू तिला सोडून माझ्यावर विश्वास टाकलास. रामहरीचा कोरा फॉर्म माझ्यापुढे आहे, तुझा अंगठा उठवलेला. मी सायन्स लिहू की फारसी? सायन्स लिहिलं तर तेच पुन्हा केल्यासारखं होईल. फारसी लिहिलं तर भीतीनं लिहिलेलं असेल, आणि रामहरीचं मन मारून. मला यातलं काहीही लिहिण्याचा हक्क नाही. एवढं ऐकल्यावरही मीच लिहावं असं तुला वाटत असेल तर तसं कळव.

अर्जुन


बीड, १८ अमरदाद

चि. रामहरी,

तुझं उत्तर आलं. ‘मामाचं पत्र वाचून दावलं. आई म्हणली, मामाच्या जिवाला बरं न्हाई वाटतं, काम लई असंल, दूध घेत जा म्हणावं. फारम भरून लवकर धाडा.’

माझ्या पत्राचं हे उत्तर नाही, रामहरी. तू तिला काय वाचून दाखवलंस ते मला कळलं.

रागावलो नाही. तू चौदा-पंधरा वर्षांचा आहेस, आणि त्या कागदावरचे शब्द आईसमोर तोंडातून काढायचे म्हणजे काय, हे मी लिहिताना पाहिलं नाही. मला स्वतःला ते तेरा वर्षं जमलं नाही आणि तुला मी ते एका बैठकीत करायला सांगितलं. माझं ओझं मी दुसऱ्यांदा एका पोराच्या हातात दिलं. पहिल्यानं ते उचललं होतं. तूही उचललंस. दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

तुझं पत्र वाचताना मला तुझ्या जागी तोच दिसला. कागदावरून माझ्याकडे बघणारा.

आईला एवढंच वाच: अर्जुन शुक्रवारी सकाळी येतो आहे. यात बदलण्यासारखं काही नाही.

मामा


बीड, २२ अमरदाद

चि. रामहरी,

शुक्रवारी आईनं तुला म्हैस घेऊन बिंदुसरा नदीवर पाठवलं, तेव्हा तुला कळलं असेल की मुद्दाम पाठवते आहे. ओट्यावर आमच्यात काय झालं ते ऐकण्याचा तुझा हक्क आहे. मी सांगतो. आई सांगेल ते वेगळं असेल तर तिचं खरं धर.

ती सुपात ज्वारी निवडत होती. मी समोर बसलो आणि चौदा तारखेचं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं. ती खडे काढत राहिली. कौलाचं आलं तेव्हाही, फॉर्माचं आलं तेव्हाही. गहिनीनं खोटं वाचून दाखवलं हे आलं तेव्हा तिचा हात थांबला. म्हणाली, ‘म्हंजी त्येला म्हाईत हुतं.’ मी म्हटलं, हो. ‘आन त्यो जाताना माझ्या पाया पडला, तवा लई येळ उठंना. म्या म्हणलं, भूक लागली आसंल, म्हणून भाकर बांधून दिली.’ पुन्हा निवडायला लागली.

शहागडचं वाचताना माझा आवाज फुटला. ती म्हणाली, ‘पाणी पी, मंग वाच.’ मी पाणी प्यायलो आणि वाचलं.

सगळं वाचून झालं. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्या ऐकायलाच गेलो होतो. तिनं विचारलं, ‘अर्ज हाय का तुज्यापशी?’

मी रोजनिशीतून काढून दिला. घडीवर कागद पिवळा पडला आहे. तिनं तो उलटसुलट पाहिला, आपला अंगठा ओळखला आणि परत देऊन म्हणाली, ‘वाच.’ मी उर्दूतून वाचला आणि मग एकेक ओळ मराठीत सांगितली. तो अर्ज मी मन लावून लिहिला होता, रामहरी. आता ते सांगायला लाज वाटते. न देण्याचं ठरायच्या आधी लिहिला होता, म्हणून चांगला उतरला होता. तिच्या एकटेपणाचं, शेताचं, कडेवरच्या तुझं, सगळं त्यात आहे.

ती म्हणाली, ‘पुना वाच.’

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर पदरानं सुपाची कड पुसत म्हणाली, ‘लई चांगलं लिवलंस रं. हे कुणी वाचलं आसतं तर सोडलं आसतं त्येला.’

तेरा वर्षांत मी मनातल्या मनात तिच्या तोंडी कितीतरी बोलणी घातली होती, त्यांत हे नव्हतं.

मग तिनं विचारलं, तारीख काय घातली. मी म्हटलं, घातलेली नाही, अर्ज देताना घालायची असते.

‘मंग घाल. आन देऊन ये.’

मी म्हणालो, ‘आक्का, गहिनी आता—’

‘ते मला नको सांगू. म्या आई हाय त्याची. म्या तुला काम सांगितलं हुतं, ते ऱ्हायलंय. ते कर.’

मी विचारलं, आणि रामहरीचा फॉर्म? तिनं माझ्या पिशवीतून तो स्वतः काढून घेतला. ‘त्येला तू हात लावू नको,’ म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही.

मग तेलाची बुधली घेऊन ती उठली. तू म्हशीला घेऊन येत होतास तेव्हा ती वेशीकडे निघालेली तुला दिसली असेल. मी मागे गेलो नाही, पण देऊळ लांब नाही, ऐकू आलं. तेरा वर्षांत तिनं त्या देवळात पाय ठेवला नव्हता. दिवा लावताना ती देवीशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी. ‘तुला लई बोलले म्या. तू तर खरं सांगितलं हुतं. मला काय म्हाईत, माझ्याच घरात खोटं बसलंय.’

परत आल्यावर तिनं तुला फॉर्म दिला आणि तुझ्याच हातानं भरायला लावला, ते तुझ्यासमोरच झालं. मी ओट्याच्या कडेला पाठ करून बसलो होतो. तुला तीन वेळा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तू ‘सायन्स, औरंगाबाद’ म्हणालास तेव्हा तुझा आवाज कापला, पण शब्द तोच राहिला. आई म्हणाली, ‘आस्सं खरं वाचायचं.’ मग विचारलं, ‘तितं आजारी पडलास तर कोण हाय?’ तिनं कुंकवाची करंडी उघडली तेव्हा झाकण वाजलं, त्यावरून मला समजलं की तिनं होकार दिला.

तुला सोडायला शहागडपर्यंत मी येणार नाही. आई येणार आहे म्हणाली. तेच बरोबर आहे.

मामा


बीड, २५ अमरदाद

आक्का,

रामहरीचा फॉर्म आज शाळेत आला. तो तपासणं माझ्याकडे होतं. मी न उघडता दुसऱ्या मास्तरांकडे दिला.

तिथून तालुकदारांच्या कचेरीत गेलो. बाहेर उभा राहून अर्जावर आजची तारीख घातली. शाई नवीन, बाकीचं अक्षर जुनं, कुणाच्याही लक्षात यावं असं. अर्ज हातात घेणारा कारकून तरुण आहे. त्यानं मान खाली घालून वरच्या ओळी वाचल्या, विधवा बाई, थोरला मुलगा, परत पाठवावा. मग विचारलं, ‘लडका कौनसी जमात में है?’

मी सांगितलं, आठवी. हायस्कुलाचं पहिलं वर्ष.

त्यानं ते कोपऱ्यात लिहून घेतलं, शिक्का मारला, नंबर टाकला. मूळ फॉर्म मागवावा लागेल म्हणाला. मी म्हटलं, मागवा. त्यावरचं अक्षर कुणाचं असं विचारलं, तर माझं आहे म्हणून सांगितलं. तेही त्यानं लिहून घेतलं.

पावती सोबत पाठवतो. रामहरीकडून वाचून घे. आता तो वाचील ते धरायला हरकत नाही. उत्तर कधी येईल ते ठाऊक नाही. मी गहिनीला लिहिलं होतं, अर्ज गेला आहे, सरकारचं उत्तर यायला वेळ लागतो. तेच तुला लिहितो. या वेळी अर्ज गेला आहे.

अर्जुन